फ्रीमेसन : अफवा वेगळी, आक्षेप वेगळा

आपल्या गुंदकडे ‘लॉज’ म्हटलं की मुक्कामाची खोली आठवते. फ्रीमेसनांचं लॉज म्हणजे त्यांची शाखा. मुंबईत १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी निघालं. माणेकजी कर्सेटजींसारखे पारशी तिथे गोऱ्या साहेबाचे ‘बंधू’ झाले. पण विधी बंद दाराआड चालत, म्हणून उत्तरेत लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणू लागले.

कॅथलिक चर्चचा आक्षेप भुताखेतांचा नाही, तत्त्वाचा आहे. १७३८ची मनाई १९८३मध्येही कायम राहिली. आम्हां कॅथलिकांना सभासद होता येत नाही. म्हणून अफवा पसरवायची मुभा मिळते असं नाही. भारताची ग्रँड लॉज १९६१पासून स्वतंत्र आहे. पुढे टिकायचं तर तिने दार जरा उघडावं, आणि आपण मत बनवण्याआधी वाचावं.