साखरेच्या पृथक्करणांत ढळणारी आधाररेषा

गुळासाठीं ऊस तोडण्यापूर्वीं पुष्कळ शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरनें रसाचा ब्रिक्स पाहतात. हें साधन रसांत विरघळलेल्या सर्व द्रव्यांची एकत्र गणना करतें. त्यांत उसाची साखर किती आणि तिच्या विघटनानें झालेलें ग्लुकोज व फ्रुक्टोज किती, हें त्यास सांगतां येत नाहीं. तोडून पडलेल्या उसांत हीं दोन्हीं वाढतात. मग गूळ घट्ट बसत नाहीं व पावसाळ्यांत त्यास पाणी सुटतें. म्हणून प्रयोगशाळेंत तिन्ही शर्करा लिक्विड क्रोमॅटोग्राफीनें वेगळ्या करतात. रसाचा अंश पाण्याच्या प्रवाहाबरोबर, राळेच्या कणांनीं भरलेल्या व सुमारें 80 ते 85 अंश सेंटिग्रेडवर तापविलेल्या नळींतून जातो. कॅल्शियमयुक्त राळ असल्यास प्रथम साखर, मग ग्लुकोज, शेवटीं फ्रुक्टोज बाहेर पडतें. प्रत्येकाचें आलेखावर एक शिखर उमटतें. त्याच्या क्षेत्रावरून प्रमाण ठरतें.

हें क्षेत्र मोजावयाचें तें पायथ्याच्या आधाररेषेपासून. ती चढूं वा उतरूं लागली तर साखरेच्या उंच शिखरास फारसा धक्का लागत नाहीं. परंतु ग्लुकोज व फ्रुक्टोजचीं बुटकीं शिखरें भलतींच लहानमोठीं भासतात. ताजा ऊस शिळा ठरतो, तो असा.

आमच्या मतें प्रथम संशय उष्णतेचा घ्यावा. येथील शोधकयंत्रही वक्रीभवनच मोजतें. नळींतून येणारें पाणी तें एका बंद कप्प्यांतील शुद्ध पाण्याशीं ताडून पाहतें. उष्णतेची दुरुस्ती न करणारा साधा रिफ्रॅक्टोमीटर 20 अंशांऐवजीं 30 अंशांवर वापरल्यास ब्रिक्स सुमारें पाऊण अंशानें कमी दिसतो, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. हें यंत्र तर त्याहून कितीतरी नाजूक!

रेषा लाटेप्रमाणें हालत असून ती लय खोली थंड करणाऱ्या यंत्राच्या चालूबंद होण्याशीं जुळत असेल, तर दोष त्या झोताचा. ती एकाच दिशेनें सरकत असेल, तर यंत्र पुरतें तापलेलें नसावें, अथवा बंद कप्प्यांत जुनें पाणी राहिलें असावें. प्रवाहाचें पाणी बदललें कीं तो कप्पाही नव्या पाण्यानें धुतला पाहिजे. घाईंत नेमकें हेंच राहतें. पाण्यांत विरघळलेली हवाही आधीं काढावी. एवढ्यानें न भागल्यास राळेची नळी काढून तेथें साधी जोडनळी लावावी. रेषा स्थिर झाली, तर मागील नमुन्यांचा मळ राळेंत सांचला असावा. न झाली, तर पंप, पाणी किंवा शोधकयंत्र तपासावें.

रसाचा वा गुळाचा अहवाल घेणारांनीं आंकड्यांबरोबर आलेखही मागावा, आणि शिखरांखालीं रेषा कोठून कोठें ओढली आहे तें पाहावें. नमुन्यापूर्वीं केवळ पाणी सोडून काढलेला आलेख सोबत असल्यास उत्तमच.