दंडावरचे वण

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला 'कोणत्या वयात प्रकृती कशी सांभाळावी' हा विषय दिला. मी लिहायला बसले. लहानपणी दूध प्यावे, तरुणपणी व्यायाम करावा, म्हातारपणी हलके जेवावे, एवढे लिहून झाले आणि पुढे काही सुचेना. हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. मग मला मे महिन्याची सुट्टी आठवली.

माझे काका घाटकोपरला, असल्फाच्या टेकडीवर राहतात. आपल्या मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठायचे आणि तिथून लोकल. टेकडी चढताना पायऱ्या मोजल्या तर विसरायला होते, इतक्या. वर एकच खोली. तिच्यात पणजी, आजोबा, काका-काकू आणि काकूचे तेरा महिन्यांचे बाळ. एका खोलीत चार पिढ्या. उकाडा इतका की सगळ्यांचे दंड उघडेच. दुपारी झोप येत नसे, तेव्हा मी एकेकाचे दंड बघत बसे. प्रत्येकाच्या दंडावर काहीतरी खूण होतीच.

पणजीच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण आहेत. आजोबांच्याही आहेत. ते 'देवी काढल्याचे' वण. मी विचारल्यावर पणजीने सांगितले, "माझा पाठचा भाऊ देवीच्या साथीत गेला गं. मला टोचलं होतं, त्याला टोचायचं राहिलं होतं." एवढेच बोलली आणि भिंतीकडे वळून झोपली. मी पुन्हा विचारले नाही.

देवीची लस एडवर्ड जेन्नर या इंग्लंडच्या डॉक्टरने १७९६ साली शोधली. पण आपल्या देशात ती पहिल्यांदा कुठे टोचली हे वाचून मला नवल वाटले. आपल्या मुंबईतच! १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या, मग लस इतक्या लांब आली कशी? एका माणसाच्या दंडावर टोचायची, तिथे फोड आला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडावर टोचायची. अशी ती बगदाद, बसरा करत माणसांच्या दंडांवरून मुंबईला आली. ॲनाच्या फोडातून पुढे आणखी मुलांना टोचले आणि हळूहळू ती इतर गावांत गेली. तरीही देवी हटायला पुढची पावणेदोनशे वर्षे लागली. भारतातला शेवटचा इथला रोगी १९७५ साली सापडला. १९८० च्या मे महिन्यात सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हणून काकांच्या दंडावर तो मोठा वण नाही. त्यांच्या वेळेला गरजच राहिली नव्हती.

काकांच्या डाव्या दंडावर छोटा वण आहे, तसाच माझ्याही आहे. तो बी.सी.जी.चा. ही लस क्षयरोगासाठी असते आणि जन्मल्याबरोबर देतात. तान्ह्या मुलांना मेंदूचा क्षय होतो तो फार वाईट, त्यापासून ती वाचवते. टोचल्यावर काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, थोडा पू होतो, खपली धरते. त्याला तेल, हळद, मलम काहीच लावायचे नाही, फोडायचेही नाही. काकूने बाळाच्या फोडाला हळद लावायला घेतली होती, तेव्हा चाळीत आरोग्यसेविका आलेल्या होत्या म्हणून वाचला!

त्या सेविका मे महिन्यातही आल्या. त्यांनी बाळाचे कार्ड मागितले. काकूने ते कपाटातल्या साड्यांखालून शोधून काढले. बघितले तर नवव्या महिन्याचा रकाना मोकळा. तो गोवर-रुबेलाच्या लसीचा. काकू म्हणाली, "तेव्हा आम्ही म्हशाच्या यात्रेला गावी गेलो होतो, मग राहूनच गेलं. गोवर काय, सगळ्यांनाच येतो. निघून गेलेला बरा."

गोवर निघून जातो हे बहुतेक वेळा खरे आहे. पण नेहमी नाही. गोवरानंतर न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जाऊ शकतात. घाटकोपरपासून गोवंडी काही लांब नाही. तिथे आणि मुंबईच्या इतर वस्त्यांत २०२२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवराची साथ आली आणि काही लहान मुले दगावली. करोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. सेविका काकूला रागावल्या नाहीत. "राहिली तर राहिली, उद्या घेऊन या. पाच वर्षांपर्यंत देता येते," असे म्हणाल्या. आपल्या गावातही कोणाचा रकाना मोकळा असेल तर लाज वाटून घरी बसू नये, आशाताईंना कार्ड दाखवावे.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. चाळीच्या टोकाला अंगणवाडी आहे. तिथल्या ताईंनी बाळाच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळली. याला दंडघेर म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर फारसा वाढत नाही, म्हणून एकच पट्टी सगळ्यांना चालते. घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असला तर हिरवा, साडेअकरापासून साडेबारापर्यंत पिवळा, आणि साडेअकराच्या खाली आला तर लाल. लाल म्हणजे लगेच डॉक्टरकडे. आमचे बाळ पिवळ्यात निघाले. काकूचा विश्वास बसेना. "गाल बघा की कसे गुटगुटीत आहेत!" ताईंनी विचारले, काय भरवता? तर चहात बुडवलेली बिस्किटे. पोट भरते, पण बळ येत नाही. ताईंनी सांगितले ते असे: अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा घट्ट वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, केळे, अंडे चालत असेल तर अंडे. वरणाचे नुसते पाणी नको, गाळ द्या. हे सगळे काकूच्या घरात होतेच. विकत आणत होती ती बिस्किटेच.

आता आपल्या वयाचे. दहाव्या वर्षी आपल्या दंडावर धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन देतात, पुन्हा सोळाव्या वर्षी. पाचवीत असताना आपल्यातले कोण कोण पळाले होते ते मी लिहीत नाही. जंताची गोळी चावून खायची, गिळायची नाही. आणि आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी कृपा करून दप्तरात ठेवू नका. विशेषतः मुलींनी. पाळी सुरू झाली की रक्त जाते आणि रक्त कमी झाले की जिना चढताना धाप लागते, वर्गात पेंग येते, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. गोळी जेवल्यावर घ्यावी. तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी लागते. शौचाला काळी झाली तर घाबरू नये, ती गोळीमुळे होते.

काकांच्या दंडाला एके दिवशी दवाखान्यात पट्टा बांधला. तिशी झाली की वर्षातून एकदा रक्तदाब बघून घ्यावा असे तिथे लिहिलेच होते. या पट्ट्याची युक्ती रिवा-रोची या इटलीच्या डॉक्टरने १८९६ साली काढली आणि कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ साली त्याला कानाने ऐकायची जोड दिली. हवा भरली की दंडातल्या शिरेतले रक्त थांबते. हवा सोडताना ठक्‌ ठक्‌ आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. काकांचा आला १५०-९६. काका हसून म्हणाले, "टेकडी चढून आलो ना, म्हणून." डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, पाच मिनिटे शांत बसा. पुन्हा मोजला, तरी तेवढाच. पुन्हा दुसऱ्या आठवड्यातही जास्तच. १४०-९० च्या वर राहायला लागला की तो वाढलेला धरतात. काका म्हणत होते, "मला तर काही होत नाही." तेच तर! याने काही होत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो.

हे काकांना पटले ते आजोबांमुळे. आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. बरे वाटते म्हणून त्यांनी त्या गेल्या दिवाळीच्या आधी आपणहून बंद केल्या. एका सकाळी चहाचा पेला हातातून पडला. उजवा हात उचलेना, बोलणे बोबडे झाले. काकूला वाटले अंगावरून वारं गेलं, ती तेल गरम करायला धावली. शेजारच्या मावशी इस्पितळात आया आहेत, त्या म्हणाल्या, "बाबा, दोन्ही हात पुढे करा बरं." डावा राहिला, उजवा खाली आला. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला. मावशींनी तेल खाली ठेवायला लावले, पाणीसुद्धा देऊ दिले नाही, कारण अशा वेळी ठसका लागून ते श्वासात जाते. १०८ ला फोन केला. गाडी खाली रस्त्यावर, आजोबा वर टेकडीवर. चार जणांनी खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून उतरवले.

मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली की असे होते. ती विरघळवायचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही मेंदूचा फोटो काढून रक्तस्राव नाही ना हे बघितल्यावरच. म्हणून घरच्या घरी काही गोळी देऊ नये आणि 'संध्याकाळपर्यंत बघू' असे म्हणू नये. आजोबा तासाभरात पोचले. आज ते चालतात, बोलतात. उजव्या दंडात अजून जोर कमी आहे, शर्टाचे बटण लावता येत नाही. रोज सकाळी पाण्याने भरलेली बाटली घेऊन हात वर-खाली करतात आणि मला मोजायला लावतात. पंचवीस झाले की म्हणतात, तू दोन खाल्लेस. गोळ्या आता ते स्वतः मागून घेतात. आणि लोणचे-पापड मुकाट्याने काकूच्या स्वाधीन केले आहेत. पूर्ण दिवसाचे मीठ एका लहान चमच्यापेक्षा जास्त नको.

पणजीचे दुखणे वेगळे. ती मोरीत घसरून पडली होती, तेव्हा मनगट मोडले. आता मोरीत खरबरीत पायपुसणे आहे, भिंतीला धरायला पाइप आहे आणि रात्री दिवा जळतो.

बाळाला दुसऱ्या दिवशी गोवराची लस टोचली, उजव्या दंडावर. काकूला तापाची भीती होती. या लसीने ताप आलाच तर आठवड्याभराने येतो आणि एक-दोन दिवसांत जातो, असे सेविकांनी आधीच सांगून ठेवले होते.

मी गावी यायला निघाले त्या सकाळी पणजी बाळाला मांडीवर घेऊन चष्म्यातून त्याचा दंड न्याहाळत होती. "वण कुठाय गं?" तिने विचारले. मी म्हटले, या लसीचा वण राहत नाही. तिला ते काही रुचले नाही. "मग टोचलंय हे कळायचं कसं?" काकूने साड्यांखालचे कार्ड काढून तिला दाखवले, आणि मग ते कपाटात न ठेवता कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवले. पुढचा डोस सोळाव्या महिन्यानंतर आहे.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी