हृदयाची लय आणि छिन्नमनस्कता

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाप्रमाणे अगदी समान अंतराने पडतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. विद्यार्थ्यांनी स्वस्थ बसून मनगटावरील नाडी धरावी व दीर्घ श्वसन करावे. श्वास घेताना नाडी किंचित जलद व सोडताना मंद झालेली आढळेल. तरुण वयात हा फरक अधिक स्पष्ट असतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८४७ साली आलेखाने दाखविला.

हृदयास मोकळे सोडले तर ते मिनिटास सुमारे शंभर ठोके देईल. मेंदूपासून निघणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्यास लगाम घालतो, म्हणूनच विश्रांतीच्या वेळी ते सत्तराच्या आसपास राहते. भय वा श्रम यांच्या प्रसंगी दुसरे, अनुकंपी मज्जातंतू त्यास टाच मारतात. हे सारे आपल्या इच्छेवाचून चालते. यास्तव या व्यवस्थेस स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा मनाचा आजार. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय येणे ही त्याची लक्षणे. परंतु अशा रुग्णांच्या हृदयाचे आलेख तपासता श्वासाबरोबर होणारा तो चढउतार सरासरीने कमी भरतो. औषध सुरू न झालेल्या रुग्णांतही असे आढळले आहे. लगाम सैल पडतो, एवढाच याचा अर्थ. केवळ नाडीवरून कोणासही हा आजार ठरविता येत नाही. (आमच्या कोंकणीत हृदयाला काळीजच म्हणतात, मनाचे दुखणेही आम्ही तेथेच सांगतो!)

१९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला व रुग्णांस मोठा दिलासा मिळाला. तथापि या वर्गातील काही औषधेही हृदयावर परिणाम करतात. क्लोझापिन व्हेगसचा निरोप अडविते व नाडी जलद होते. थायोरिडझिन तर हृदयाची लय बिघडविते म्हणून २००५ मध्ये मूळ कंपनीने जगभर मागे घेतले. म्हणून औषध आपल्या मनाने सोडावे, असे मात्र नव्हे. ते एकाएकी बंद केल्यास आजार उलटतो.

हे रुग्ण इतरांपेक्षा सुमारे दहा ते वीस वर्षे आधी जातात आणि हृदयविकार हे त्याचे एक मोठे कारण आहे. तंबाखू, वाढते वजन व मधुमेह यांचाही त्यात वाटा असतो. रुग्ण “छातीत धडधडते” म्हणाला की घरची माणसे त्यास भ्रम समजतात, ही आम्हांस सर्वांत वाईट गोष्ट वाटते. अशा वेळी डॉक्टरांस सांगून हृदयालेख काढून घ्यावा. त्यास काही मिनिटेच लागतात, आणि काही दुखतही नाही.