काटे आणि आंकडे

विद्यार्थिमित्रहो, नित्य वापरासाठीं काटे व आंकडे दोन्ही दाखविणारें स्वस्त घड्याळ घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली जुळणीची. क्वार्ट्झ-स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. त्यावरच वेळ मोजली जाते. तथापि अनेक स्वस्त घड्याळांत काटे व आंकडे निरनिराळे लावावे लागतात. ते जुळविले नाहींत, तर गाडी गांठतांना विश्वास कोणावर ठेवावा? दुसरी पाण्याची. ‘३० मीटर’ म्हणजे तितक्या खोल बुडी मारावी असें नव्हे. तें घड्याळ केवळ शिंतोडे सोसतें. पोहणाऱ्यानें १०० मीटरचें घ्यावें. तिसरी वाचनाची. काट्यांखालीं आंकडे झांकतात काय, अंधारांत दिवा लागतो काय, हें दुकानांतच पाहावें. वडिलांच्या कष्टाचा पैसा केवळ चकाकीवर खर्चूं नये.