बोटीच्या वासामागे लागताना

आमची ट्रॉलर करंजा बंदरात लागते. मासेमारीची बोट म्हटली की वास यायचाच, असं धक्क्यावर सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. ताज्या मासळीला समुद्राचा वास असतो. नाक मुरडायला लावणारा वास येतो तो बोटीत कुठेतरी काहीतरी कुजत असतं म्हणून. त्याच वासात खलाशी आठ-आठ दिवस जेवतात, झोपतात. नाखवा म्हणून त्याचा माग काढणं मी माझं काम समजतो.

१. आधी वास कसला ते ठरवावं. सडक्या अंड्यासारखा असेल तर तळात पाणी साचलंय. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा असेल तर मुशी किंवा पाकट यांचं काहीतरी मागे राहिलंय. या माशांच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि त्याचाच पुढे अमोनिया होतो. म्हणून त्यांना आमच्याकडे वेगळा कप्पा आहे. डिझेलचा वास तर सरळ इंजिनाकडे नेतो.

२. बोटीवर राहणाऱ्याचं नाक बोटीच्या वासाला सरावतं. त्यामुळे वास शोधायचा तर घरी रात्र काढून आल्यावर, भल्या सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी. झाकणं रात्रभर बंद ठेवायची आणि एकेक उघडून हुंगायचं. पाइपावर संशय असेल तर गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं त्याच्याभोवती गुंडाळून थोडा वेळ ठेवावं, मग बोटीपासून लांब जाऊन फडकं हुंगावं. रबरी पाइप जुना झाला की बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण आतला वास त्यातून झिरपत असतो. असा पाइप धुण्यात वेळ घालवू नये, बदलावा.

३. बहुतेक वेळा चोर तळातच सापडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. पाणी एका जागी कोंडलं, त्यात मासळीचं रक्त मिसळलं आणि प्राणवायू संपला, की काही जिवाणू या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. अंड्याचा वास तो हाच. पंप चालतो म्हणजे तळ कोरडा आहे असं नाही. बोटीच्या फासळ्यांच्या बुडाशी पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात आणि तीच तुंबतात. मागे आमच्या बोटीचा वास काही केल्या जाईना. बॅटरी घेऊन फळ्या उचलल्या, तर पुढच्या दोन फासळ्यांमध्ये काळं पाणी तसंच उभं. भोकात तार घालून फिरवल्यावर खवल्यांचा बोळा निघाला, जाळ्याच्या हिरव्या नायलॉनच्या धाग्यात गुरफटलेला, बोटांना बुळबुळीत लागणारा. तो निघाला तसं पाणी आपोआप मागे पंपाकडे वाहू लागलं. नंतर गोडं पाणी आणि साबणाचा एक हात पुरला.

मासळी ठेवायच्या खणातलं बर्फाचं रक्ताळलेलं पाणी तळात सोडूच नये. त्याला वेगळी टाकी आणि वेगळा पंप हवा. यावर पैसा खर्च करायला लोक कां कू करतात, मला तर तो सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा वाटतो.

४. खणाच्या भिंतीत, फायबरच्या थराआड, थंडी धरून ठेवणारा पफ असतो. बर्फाची लादी किंवा फावडं लागून फायबरला बारीक चीर पडली की पफ पाणी पितो. मग वरून कितीही घासा, वास दुसऱ्या दिवशी हजर. तळहाताने भिंत दाबत जावं; जिथे चिरेतून पाण्याचा थेंब फुटतो तिथे फायबर कापून ओला पफ काढावा, जागा पुरती सुकवावी आणि मगच नवा भरावा. हे काम जून-जुलैच्या बंदीतलं, बोट शाकारल्यावर, ताडपत्रीखाली करायचं. घाईने ओल्यावरच फायबर चढवलं तर सगळं पुन्हा उकरावं लागतं.

५. धुण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्त आणि चिकटा भिंतीला घट्ट बसतो. मग साबण आणि ब्रश, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी ब्लीचिंगचं सौम्य पाणी. घाणीवरच ब्लीचिंग ओतलं तर ते वाया जातं. बंदरातलं पाणी मात्र वापरू नये, त्यातच धक्क्यावरची सगळी घाण असते. मासळीचा हट्टी वास अल्कधर्मी असतो, म्हणून तो आंबटाला हरतो. घरी मासे कापल्यावर हाताला लिंबू चोळतात ते त्यासाठीच. फळ्यांना व्हिनेगरचं पाणी लावायला हरकत नाही, पण ब्लीचिंगच्या दिवशी नाही. ब्लीचिंग आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशीही ब्लीचिंगची गाठ घालू नये.

६. मासळी कुजलेल्या बंद खणात लगेच कोणीही उतरायचं नाही. हे मी प्रत्येक नव्या खलाशाला पहिल्याच दिवशी सांगतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खाली साठून राहतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. वर उभा असलेला म्हणतो, "वास गेला, उतर," आणि खालचा दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपल्याच किनाऱ्यावरून येतात, जाणारी पोरं विशी-पंचविशीची असतात. म्हणून सगळी झाकणं उघडायची, पंख्याने बराच वेळ ताजी हवा तळापर्यंत सोडायची, वायू मोजायचं यंत्र मिळत असेल तर ते दोरीने आधी खाली सोडायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वर दोघांनी तो धरून उभं राहायचं. तो पडला तर वरच्यांनी दोर ओढायचा, पण खाली जायचं नाही. तोंडाला ओलं फडकं बांधून या वायूपुढे काहीही उपयोग होत नाही.

७. फिनेल आणि अगरबत्तीने वास झाकू नये. तांडेलाच्या केबिनमधली गादी आणि ओले रेनकोट उन्हात टाकले तरी निम्मं काम होतं. बंदीत बोट वर काढली की तळ पुसून कोरडा करावा, खणाची झाकणं काढून बाजूला ठेवावी आणि ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी राहील अशी बांधावी. पावसाची झड आत येणार नाही, पण वारा खेळता राहील.