मेणावर कोरलेली गाणी

पूर्व युरोपातील एखाद्या लहानशा गावी ज्यू कुटुंबात लग्न निघाले, की वादकांच्या ताफ्याला बोलावणे जाई. व्हायोलिन हे ताफ्यातील मुख्य वाद्य. त्याच्या साथीला आपल्या संतूरच्या जातीचे, बारीक काठ्यांनी वाजवायचे ‘त्सिम्बल’ असे. पुढे क्लॅरिनेटही आले. ‘बादखन’ नावाचा शीघ्रकवी जागच्या जागी कवने रचून वधूला रडवी आणि वऱ्हाडाला हसवी. मग म्हातारेकोतारेसुद्धा हातांत हात गुंफून फेर धरीत. या वादकांना ‘क्लेझमर’ म्हणत. आज त्यांचे संगीतही याच नावाने ओळखले जाते.

या लोकांची भाषा यिद्दिश. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ती जर्मन प्रदेशात उदयास आली. तिची घडण जर्मन वळणाची. तीत हिब्रू व स्लाव्ह भाषांतील शब्द मिसळलेले. लिपी मात्र हिब्रू, म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारी. सर्वच ज्यूंची भाषा यिद्दिश नव्हे. कोकणातील बेने इस्रायल समाजाने तर पिढ्यान् पिढ्या मराठीलाच मायबोली मानले. परंतु पूर्व युरोपातील ज्यूंना यिद्दिश ही अंगाईची आणि बाजारहाटाची भाषा होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते.

त्या युद्धकाळात नाझी राजवटीने सुमारे साठ लक्ष ज्यूंची हत्या केली. त्यांतील बहुसंख्य यिद्दिशभाषी होते. गावेच्या गावे ओस पडली. वाजवणारे गेले आणि नाचणारेही गेले. जे वाचले ते देशोदेशी पांगले. त्यांची मुले नव्या देशांच्या भाषा बोलू लागली. घरातल्या आजीचे गाणे नातवंडांना कळेनासे झाले.

सुदैवाने काही सूर आधीच टिपून ठेवलेले होते. युक्रेनमधील मोइसेइ बेरेगोव्स्की हा संशोधक गावोगाव हिंडून लोकगीते आणि वादकांच्या चाली फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेत असे. १९५० साली सोव्हिएत सरकारने त्याला अटक केली. १९५५ साली त्याची सुटका झाली आणि १९६१ साली तो वारला. त्याच्या नळ्या नष्ट झाल्या, असाच पुष्कळांचा समज होता. परंतु १९९० नंतरच्या दशकात त्या कीव्हच्या ग्रंथालयात सुखरूप असल्याचे जगाला कळले. २००५ साली युनेस्कोने त्या संग्रहाची ‘जगाची स्मृती’ म्हणून नोंद केली.

तथापि, नळीत सूर साठवता येतो. तो जिवंत ठेवण्यास मात्र माणूसच लागतो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही तरुण वादक आपल्या आजोबांच्या संगीताचा शोध घेऊ लागले. युक्रेनमधून आलेला डेव्ह टारस हा क्लॅरिनेटवादक तेव्हा वृद्ध झाला होता. अँडी स्टॅटमनसारख्या तरुणाने त्याच्यापाशी बसून ती विद्या घेतली. एकाने एकाला शिकवावे, हे ठीक. पण त्याने सारा समाज कसा शिकणार?

या प्रश्नातूनच कार्यशाळा निघाल्या. १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत ‘क्लेझकॅम्प’ सुरू झाला. तो २०१४ पर्यंत चालला. कॅनडात १९९६ साली ‘क्लेझकॅनडा’ हे शिबिर उभे राहिले. अशा शिबिरांत आजोबा, आई आणि नातू एकत्र येतात. सकाळी भाषेचे व वादनाचे वर्ग भरतात. गुरू चाल वाजवतो आणि शिष्य ती कानाने उचलतात. कारण या संगीतात सुराला मध्येच हुंदक्यासारखा झटका देतात, त्याला ‘क्रेख्त्स’ म्हणतात, आणि तो कागदावर नीटसा उतरत नाही. नाचाचे वर्गही असतात, कारण पावले ठाऊक नसतील तर ठेकाही कळत नाही. शेवटी सर्वजण मिळून आपली कला सादर करतात.

जर्मनीतील वायमार शहरीही उन्हाळ्यात असा उत्सव भरतो. त्या शहराजवळच बुखेनवाल्ड ही नाझींची छळछावणी होती. जेथून भाषा पुसण्याचा प्रयत्न झाला, तेथेच आज नाना देशांचे लोक ती भाषा गातात. त्यांत ज्यू असतात, तसे जर्मनही असतात.

यिद्दिश आजही काही धर्मनिष्ठ ज्यू वस्त्यांतील घरांत बोलली जाते. तरीही युनेस्कोने तिला संकटग्रस्त भाषांत गणले आहे. शिबिरांनी गेलेली माणसे परत येत नाहीत; परंतु त्यांची चाल एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांत उतरते. पुढच्या पिढीला शिकवणारा अशा रीतीने आणखी एक जण तयार होतो.

अभ्यास

१. क्लेझमर संगीत केवळ कागदावरून का शिकता येत नाही?
२. ‘नळीत सूर साठवता येतो, तो जिवंत ठेवण्यास मात्र माणूसच लागतो.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. वायमार येथील उत्सवाला विशेष अर्थ का आहे?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून एखादी जुनी ओवी किंवा गाणे ऐकून पाठ करा व वर्गात म्हणून दाखवा.