चिंधी कोणी खाल्ली?

जमीन जिवंत आहे असे आपण म्हणतो. पण ते तपासायचे कसे? बैलाचा श्वास दिसतो, मातीचा दिसत नाही.

गेल्या वर्षी पहिला चांगला पाऊस झाल्यावर आम्ही जुन्या धोतराच्या दोन सारख्या चिंध्या घेतल्या. कापड सुतीच हवे, टेरिलीन मातीत कुजत नाही. एक चिंधी शाळेच्या बागेत वीतभर खोल पुरली. दुसरी आमच्या उसात, जिथे दरवर्षी पाचट पेटवतात. काठी रोवून खूण केली.

दोन महिन्यांनी उकरले. बागेतल्या चिंधीची नुसती जाळी उरली होती, बोट लावताच तुटली. उसातली मळली होती, पण धुऊन भांडी पुसायला चालली असती! आबा ती हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "पाचट ठेवलं तर मशागतीला अडचण येती रं, म्हणून जाळतो."

सुती कापड म्हणजे सेल्युलोज. ते बुरशीचे आणि जीवाणूंचे अन्न. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. तेच पाला आणि शेण कुजवून त्यातले नत्र पिकाला घेता येईल असे करतात. सन २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टी असतात. जीवाणूंचा आकडा मात्र नसतो. आमच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 'कमी' आहे, म्हणजे या जीवांचे अन्नच कमी.

भुईमूग असेल तर आणखी सोपे. फुलोऱ्यात एक झाड मुळासकट हलकेच काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर रायझोबियम जीवाणू हवेतले नत्र बांधत आहेत असे समजा. हिरवट किंवा पांढरी असेल तर काम बंद. हे जीवाणू बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली गाठींतून वेगळे केले.

चिंधीचा प्रयोग करताना एक ध्यानात ठेवा. माती कोरडी असेल किंवा पाणी साचले असेल तर चांगल्या जमिनीतही चिंधी लवकर कुजत नाही. वाळवी लागली तर प्रयोग बादच.

आमचीही एक चूक झाली. बागेत शेणखत पडते, उसात पडत नाही. मग फरक पाचटामुळे की खतामुळे? म्हणून यंदा आबांनी खोडव्यात चार सऱ्यांतले पाचट न जाळता ठेवले आहे. एक चिंधी तिथे आणि एक शेजारच्या जाळलेल्या सरीत पुरली आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी उकरणार आहोत. पालकांनीही बघायला यावे.

– इयत्ता सातवी